कुपवाडच्या बेकरीतला डिझेल बर्नर: काजळी थांबेपर्यंतच्या नोंदी

जागा: कुपवाड एमआयडीसीतली बेकरी. ओव्हन एका ट्रॉलीचा, फिरता. ज्वाळेचा धूर नळ्यांतून चिमणीकडे जातो आणि नळ्यांच्या बाहेरून फिरणारी हवा माल भाजते, म्हणजे धूर मालाला लागत नाही. बर्नर साधा एक-टप्प्याचा, गन टाइप; मोटर, ब्लोअर आणि गिअर पंप एकाच शाफ्टवर. ओव्हनवरच्या माहितीच्या प्लेटवर कमाल तापशक्ती तासाला ५५,००० किलोकॅलरी. इंधन पंपावरचं साधं डिझेल.

तक्रारी चार. शेजारच्या पत्र्यावर काजळी पडते. सुरू होताना दोन-तीनदा रिसेट दाबावं लागतं. पेटताना ठोका बसतो. आणि टोस्टची ट्रॉली पूर्वीपेक्षा उशिरा उतरते.

रमजान चालू असल्याने दुपारी बारानंतर ओव्हन द्यायला कुणी तयार नव्हतं. कामाला मिळाली सकाळची सात ते अकरा ही वेळ. पुढच्या सगळ्या नोंदी त्या हिशेबाने वाचाव्यात.

३ मार्च २०२५, सोमवार

काहीही न खोलता आधी मोजमाप. डिझेल किती जळतं ते बघायला पंपाची सक्शन आणि रिटर्न, दोन्ही नळ्या मापाच्या खुणा असलेल्या एका कॅनमध्ये सोडल्या. रिटर्न बॅरलमध्येच ठेवून नुसती सक्शन कॅनमध्ये घातली तर आकडा कितीतरी पट जास्त दिसतो, कारण पंप ओढतो त्यातलं बरंचसं परत फिरतं. दहा मिनिटांत १.३५ लिटर गेलं, म्हणजे तासाला ८.१ लिटर. किलोला साधारण १०,२०० किलोकॅलरी धरल्या तर हे ६८,००० च्या वर जातं. ओव्हन सोसेल त्यापेक्षा पाव हिस्सा जास्त आग.

नोझल (डिझेलचा फवारा करणारं टोक) काढून बघितला: तासाला १.५० गॅलनचा, ८० अंश, पोकळ फवारा. पंपावर गेज लावला तर दाब १४ बार. हे का झालं ते ओव्हनची नळ्यांकडची झाकणी उघडल्यावर कळलं. नळ्यांत तीन मिलिमीटर काजळी. काजळीमुळे माल उशिरा भाजायला लागला, म्हणून कुणीतरी मोठा नोझल घातला, त्याने काजळी वाढली, मग दाबही वाढवला. हे चक्र या भागातल्या निम्म्या ओव्हनमध्ये सापडेल.

धुराच्या पंपाने कागदावर दहा स्ट्रोक ओढून डाग घेतला: नऊपैकी सात (० स्वच्छ, ९ काळाकुट्ट). ज्वाळेला काळी टोकं.

४ मार्च, मंगळवार

हा दिवस वाया गेला, आणि चूक सगळ्यांची आवडती आहे: धूर काळा, म्हणजे हवा कमी, म्हणून शटर (ब्लोअरकडे जाणाऱ्या हवेची झडप) उघडा. शटर ३ वरून ५ वर नेलं. धूर काळ्याचा राखाडी झाला, कागदावर पाच. ६ वर नेल्यावर ज्वाळा तोंडापासून सुटून फडफडायला लागली आणि बर्नर लॉकआऊटला गेला, म्हणजे आपोआप बंद पडून रिसेटची वाट बघत बसला. परत ५.

त्या लॉकआऊटनंतर घाईत तीनदा रिसेट दाबला गेला. चौथ्या वेळी असा भडका झाला की चिमणीचा खालचा टोपा उडाला. न पेटलेलं डिझेल प्रत्येक खेपेला भट्टीत साचतं आणि पुढची ठिणगी ते सगळं एकदम पेटवते. तिथून पुढे नियम केला: दोन रिसेट, तिसरा नाही. दोनदा पेटला नाही तर मेन बंद करायचा, बघायच्या झाकणातून टॉर्च मारायची, आत ओलं दिसलं तर फडक्याने टिपून घ्यायचं, भट्टीतली वाफ जाऊ द्यायची, मगच पुढचं.

अजून एक बारीक चूक. शटर हलवण्याआधी मूळ जागेवर खूण केली नव्हती. ३ हा आकडा लक्षात होता, पण स्क्रू ढिला असताना काटा आधीच सरकला होता की नाही हे आता कळायला मार्ग नाही. मार्करने एक रेघ ओढायला पाच सेकंद लागतात.

५ मार्च, बुधवार

हवेला हात लावायचा नाही असं ठरवून डिझेलच्या बाजूला वळलो. सक्शन नळीत फूटभर पारदर्शक नळी जोडली. बर्नर चालू होताच बुडबुड्यांची माळ दिसली. सकाळी सात वाजता दिसलेली ही एक गोष्ट कालच्या सगळ्या शटर फिरवण्यापेक्षा जास्त बोलकी होती.

डिझेलमध्ये हवा आली की चालू असताना फवारा तुटक होतो. पण जास्त नुकसान बंद होताना होतं. नोझलच्या मागच्या नळीत दबलेला हवेचा बुडबुडा दाब सुटला की फुगतो आणि थेंब थेंब डिझेल गरम डिफ्युझरवर, म्हणजे नोझलपुढे हवा घुसळणाऱ्या चकतीवर, ढकलतो. ते तिथेच करपतं. पुढच्या वेळी पेटताना ठोका बसतो तो बऱ्याचदा याच थेंबांचा.

हवा कुठून येत होती? बॅरल जमिनीवर, नळी वरच्या बुचातून आत, आणि जोडांवर टेफ्लॉन टेप. टेप डिझेलच्या जोडावर लावूच नये. तिचे तंतू सुटून पंपाच्या जाळीत नाहीतर नोझलच्या आतल्या चाळणीत जातात. इथे चाळणीत दोन पांढरे धागे सापडलेच. सक्शनवर व्हॅक्यूम गेज लावला: ०.५ बार. ०.४ च्या वर गेलं की जोड कितीही घट्ट असले तरी डिझेलमध्ये विरघळलेली हवाच सुटायला लागते. इतका ओढा लागायचं कारण फिल्टर. बाऊलमध्ये काळा चिखल. मागच्या वर्षी स्वस्तात पडतं म्हणून गाळलेलं जळकं ऑइल डिझेलमध्ये मिसळलं जात होतं. गाळलेलं म्हणजे फडक्याने.

बॅरलच्या तळातून दोन लिटर पाणी निघालं.

ठरलं असं: बॅरल अडीच फुटी लोखंडी स्टँडवर, बर्नरपासून लांब, खाली पत्र्याचा ट्रे. तोटी तळापासून तीन इंच वर, म्हणजे पाणी आणि गाळ तिच्या खाली राहील. तोटीनंतर उष्णतेने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह (स्टँडबरोबर बेकरीच्याच फॅब्रिकेटरकडून, म्हणून खाली खर्चात नाही), मग फिल्टर, मग १० मिमी तांब्याची नळी, सगळे जोड फ्लेअरचे (नळीचं तोंड पसरवून बसवलेले). डिझेल वरूनच उतरत असल्याने रिटर्न नळीची गरज नाही. एकच नळी ठेवली की फिल्टरमधून फक्त जळेल तेवढंच डिझेल जातं आणि तो जास्त टिकतो.

६ मार्च, गुरुवार

रिटर्नच्या तोंडाला बूच मारलं, नवीन नळी जोडली, हवा काढली, मोटर चालू केली. वीस सेकंदांत शाफ्टच्या सीलमधून डिझेल ब्लोअरच्या घरात.

कारण पंपाच्या आत, रिटर्नच्या भोकात बसणारा बारीक बायपास स्क्रू. दोन नळ्यांच्या जोडणीत तो आत हवा. एक नळी करताना तो काढायलाच हवा, नाहीतर परत जायचं डिझेल कोंडतं आणि सगळा दाब सीलवर येतो. अॅलन कीने दोन मिनिटांत निघतो. पंपाच्या कागदावर हे चित्रासकट छापलेलं होतं. कागद बंद डब्यात होता. सील किट ९०० रुपये, सांगलीत मिळालं नाही, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून आणावं लागलं. दोन दिवस गेले. तेवढ्या काळात बेकरीने शेजारच्या ओव्हनवर माल काढला, आणि त्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

७ मार्च, शुक्रवार

सील यायचं होतं म्हणून ब्लोअर खोलला. आत गेलेलं डिझेल पुसायचंच होतं. पात्यांवर मैद्याचा थर. प्रत्येक पात्याच्या पोटात दोन-तीन मिलिमीटर, दगडासारखा. बर्नरचं हवेचं तोंड पीठ मळायच्या यंत्राकडे होतं, पीठ ओढलं जात होतं आणि डिझेलच्या वाफेने घट्ट बसत होतं. पात्याचा खोलगटपणा भरला की ब्लोअर तेवढ्याच वेगाने फिरतो, आवाजही तोच, पण हवा कमी देतो. शटर कितीही उघडा. सील फुटलं नसतं तर हे आत्ता दिसलं नसतं.

लाकडी काडी आणि ताठ ब्रशने साफ केलं. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. पातं वाकलं की चाकाचा तोल जातो आणि मोटरची बेअरिंग वाजायला लागते. पाणीही नको, मैद्याची खळ होते.

मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचे प्लॅस्टिकचे दात बघितले, ठीक होते. ते झिजले तर दाब खाली-वर होतो आणि लोक पंप बदलत बसतात.

८ मार्च, शनिवार

सील बसवलं, बायपास स्क्रू काढला. तो चिकटपट्टीने कंट्रोल बॉक्सच्या आत लावून ठेवला. उद्या कुणी परत दोन नळ्या केल्या तर लागेल. हवा काढली. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही, मग ती नळी काढून टाकली. ती कायम ठेवायची नसते, उन्हाने आणि डिझेलने कडक होऊन तडकते.

दाब १२ बारवर आणला. नोझल अजून जुनाच, कारण नवीन पुण्याहून यायचा होता. निवड अशी केली: नोझलवरचा गॅलनचा आकडा तासाचा, अमेरिकन गॅलनमध्ये, आणि १०० पीएसआय म्हणजे साधारण ७ बारला असतो. दाब वाढला की प्रवाह त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. १२ बार म्हणजे १७४ पीएसआय, १.७४ चं वर्गमूळ १.३२. म्हणून १.२५ चा नोझल इथे १.६५ गॅलन देईल, तासाला सव्वासहा लिटर. किलोत सव्वापाच, उष्णतेत ५३,००० च्या आसपास. प्लेटच्या आत, थोडी जागा ठेवून.

कोन ६० अंश, भरीव फवारा. ही भट्टी लांबट आणि अरुंद आहे. ८० अंशाचा फवारा बाजूच्या भिंतीला लागत होता, आणि थंड पत्र्याला लागलेलं डिझेल जळत नाही, काजळी होतं. आखूड, रुंद भट्टीत हेच उलटं असतं, म्हणून "६० चांगला" असं कुणी या नोंदीवरून उचलू नये. आपल्या भट्टीची लांबी-रुंदी बघावी आणि बर्नरच्या कागदावर काय छापलंय ते.

१० मार्च, सोमवार

नोझल आला. दोन मागवले होते, ७०० ला एक. पुडीतून काढताना चाळणीला आणि तोंडाला बोट लावायचं नाही. बसवताना होल्डर दुसऱ्या पान्याने धरायचा, नाहीतर सगळी नळी फिरते आणि ठिणगीच्या इलेक्ट्रोडची जागा बदलते. जुना नोझल टाचणीने साफ करून स्पेअर ठेवण्याचा मोह टाळावा. त्या भोकाच्या आत बारीक तिरक्या खाचा असतात, फवारा त्या घडवतात. टाचणीने एक ओरखडा गेला की एका बाजूला धार पडते.

इलेक्ट्रोड बदलले. एकाच्या चिनीमातीला केसाएवढी चीर होती आणि ठिणगी टोकाऐवजी तिथूनच बॉडीला जात होती. बर्नरच्या कागदाप्रमाणे टोकांत ४ मिमी अंतर, नोझलच्या मध्यापासून ८ मिमी वर, तोंडाच्या ४ मिमी पुढे. टोकं फवाऱ्यात शिरली तर त्यांच्यावर कोळशाचा पूल तयार होतो आणि ठिणगी मरते. फार मागे राहिली तर उशिरा पेटतं.

पहिली सुरुवात थंड ओव्हनवर. ओव्हनमधली हवा फिरवणारा पंखा बंद ठेवून थर्मोस्टॅट चढवला; बर्नर सुरू झाला नाही, म्हणजे इंटरलॉक शाबूत आहे. मग पंखा चालू. मोटर सुरू, ठिणगी सुरू, घड्याळावर तेरा सेकंद नुसती हवा, सोलेनॉइडचा (डिझेल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा) टक आवाज, आणि लगेच ज्वाळा. ठोका नाही. पहिल्याच वेळी. त्या एका आवाजासाठी सहा दिवस गेले होते.

पण पंधरा मिनिटांनी कागदावर डाग चार. भाड्याचा फ्ल्यू गॅस अॅनालायझर आजच आला होता (दिवसाला १,५०० रुपये). चिमणीला वळणापासून लांब ८ मिमीचं भोक पाडून नळी घातली: ऑक्सिजन ९.८ टक्के, कार्बन मोनॉक्साइड ३९० पीपीएम.

या दोन आकड्यांची जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऑक्सिजन जवळपास दहा टक्के, म्हणजे हवा गरजेपेक्षा कितीतरी जास्त, आणि तरीही काजळी. हवेची कमतरता असती तर ऑक्सिजन एक-दोन टक्के दिसला असता. इथे हवा आहे, ती डिझेलला भेटत नाहीये. चार तारखेला हे यंत्र हाताशी असतं तर शटर कुणी हलवलंच नसतं.

बर्नर ओढून बघितला. डिफ्युझरच्या मधल्या भोकाच्या कडेला ओला काळा चंद्र. नोझल डिफ्युझरच्या फार मागे बसला होता आणि फवारा कडेला घासत होता. नवीन नोझलची उंची जुन्याइतकीच होती; जुना मेकॅनिक होल्डर मागे सरकवून गेला होता, बहुधा इलेक्ट्रोड जमवायला. होल्डर ३ मिमी पुढे घेतला. इलेक्ट्रोडची मापं परत घेतली, कारण ती होल्डरबरोबर हलतात. पेटवला: डाग एक, ऑक्सिजन ८.१, मोनॉक्साइड ४०. शटर तेच, ५ वर.

११ मार्च, मंगळवार

सकाळी साडेसातला ओव्हन २२० अंशांवर स्थिर करून शटर एकेक पायरी बंद करत गेलो. प्रत्येक पायरीनंतर पाच मिनिटं थांबून आकडे.

शटर ५.०: ऑक्सिजन ८.१, डाग ०–१, मोनॉक्साइड ४०
शटर ४.२: ऑक्सिजन ६.२, डाग ०, मोनॉक्साइड २२
शटर ३.६: ऑक्सिजन ४.८, डाग ०, मोनॉक्साइड २५
शटर ३.१: ऑक्सिजन ३.४, डाग १, मोनॉक्साइड ६०
शटर २.८: ऑक्सिजन २.३, डाग ४, मोनॉक्साइड ३१०

शेवटच्या दोन ओळींत काय होतं ते बघा. शटर जेमतेम ०.३ हललं आणि काजळी चौपट. या कड्याच्या टोकावर बर्नर ठेवायचा नसतो. आधी काजळी कुठे सुरू होते ते शोधायचं, मग तिथून मागे यायचं. ३.६ वर थांबलो. ऑक्सिजन ४.८ म्हणजे कार्बन डायऑक्साइड पावणेबारा टक्क्यांच्या आसपास. कागदावर १३ टक्के डायऑक्साइड देखणा दिसतो, पण बेकरीत पीठ उडतं आणि दुपार तापते.

शटरचा आकडा दुसऱ्या बर्नरला लावू नये. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, हवा इथे मुळातच विरळ. कोकणात ज्या खुणेवर जमेल त्या खुणेवर इथे धूर येईल.

ज्वाळेचा रंग: भडक पिवळा, टोकं स्वच्छ. ३.६ आणि ३.१ मधला फरक डोळ्याला दिसत नाही. कागदाला दिसतो.

धुराचं तापमान ५.० च्या खुणेवर ३५० अंश आलं होतं. चिमणीतून जाणारी उष्णता साधारण १९ टक्के.

१२ मार्च, बुधवार

दुपारी तीनला, मालाची गडबड चालू असतानाच मोजायची परवानगी मिळाली. बर्नरच्या तोंडाशी हवा सकाळी ३० अंश होती, आता ४७. तेवढ्या फरकाने हवा पाच-सहा टक्के हलकी होते, आणि ब्लोअर किलोने नाही, घनफळाने हवा देतो. ऑक्सिजन ४.८ चा ३.८ झाला. डाग शून्य-एक. इथवर ठीक, याचसाठी जागा सोडली होती.

मग कामगारांनी नेहमीप्रमाणे दारं ओढून घेतली आणि १२ इंची एक्झॉस्ट पंखा लावला. ऑक्सिजन २.६, डाग तीन. एक्झॉस्ट खोलीतली हवा बाहेर फेकतो, आत यायला वाट नाही, आणि बर्नर ओढू पाहतो ती हवा खोलीतच उरलेली नसते. सकाळी, दारं उघडी, एक्झॉस्ट बंद, अशा वेळी लावलेला बर्नर रोज संध्याकाळी काजळी करणार होता.

शटर उघडून हे झाकता आलं असतं. मग सकाळी ऑक्सिजन साडेसहावर गेला असता आणि डिझेल उगाच जळलं असतं. त्यापेक्षा मागच्या भिंतीत, पीठ मळायच्या यंत्रापासून सगळ्यात लांब, ६०० बाय ४५० मिमीची जाळी बसवली. १,८०० रुपये, गवंड्यासकट. बर्नरचं हवेचं तोंडही त्या बाजूला वळवलं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड, बेकरी बंद. नळ्या साफ केल्या. तारेचा ब्रश, मागून व्हॅक्यूम. दीड घमेलं काजळी. तोंडाला मास्क आणि हातात मोजे लागतातच. चिमणीच्या वरच्या टोपीतही काजळीचे पापुद्रे होते, निम्मी वाट बुजलेली.

हे काम अकरा तारखेच्या आधी व्हायला हवं होतं. नळ्या मोकळ्या झाल्या की चिमणीची ओढ बदलते, ओढ बदलली की हवा बदलते, आणि अकराचे सगळे आकडे जुने होतात. सुट्टी आजच होती हे खरं, पण मग अॅनालायझरही आजनंतरच मागवायला हवा होता. दुसऱ्यांदा भाडं १,५००.

१५ मार्च, शनिवार

भट्टीत ओढ साफसफाईआधी जवळजवळ शून्य होती, बघायच्या झाकणातून धूर बाहेर यायचा. आता उणे ०.१२ मिलिबार. ३.६ वर ऑक्सिजन ५.९ आला. शटर ३.३ वर आणलं: ऑक्सिजन ५.०, डाग ०, मोनॉक्साइड २०, धूर ३०५ अंश. चिमणीतला तोटा साडेतेरा टक्के. दुपारी, दारं बंद, एक्झॉस्ट चालू: ऑक्सिजन ३.९, डाग शून्याकडे झुकलेला एक. शटरचा स्क्रू कसून त्यावर लाल रंगाचा ठिपका.

कॅनने परत मोजलं: दहा मिनिटांत १.०५ लिटर. हिशेबात १.०४ धरलं होतं.

सुरक्षेच्या चाचण्या, ज्या लोक सर्वात आधी गाळतात. फोटोसेल (ज्वाळा बघणारा डोळा) काढून मुठीत झाकून बर्नर सुरू केला: सोलेनॉइड उघडल्यापासून दहा सेकंदांत लॉकआऊट. चालू ज्वाळेवर फोटोसेल ओढला: डिझेल लगेच बंद. फोटोसेलवर टॉर्च मारून सुरू करायचा प्रयत्न केला: कंट्रोलने डिझेल सोडलंच नाही. तिन्ही बरोबर. चिमणीत पाडलेल्या भोकाला बोल्ट मारला.

खर्च: नोझल दोन १,४००, सील किट ९००, नळी आणि फ्लेअर १,६५०, फिल्टर ८५०, ग्लिसरीन गेज ९५०, इलेक्ट्रोड १,१००, अॅनालायझर दोनदा ३,०००, जाळी १,८००, कागद, ब्रश, किरकोळ ६००. एकूण १२,२५० रुपये, मजुरी सोडून. त्यात सील आणि दुसरं भाडं मिळून २,४०० निव्वळ चुकीचे.

२२ मार्च, शनिवार

आठवड्याचा हिशेब. आधी दिवसाला सरासरी ४६ लिटर, आता ३७, माल तेवढाच. डिझेल ९१ रुपये धरलं तर दिवसाला सव्वाआठशेच्या जवळ वाचतात. यात शटरचा वाटा थोडा, नळ्या साफ होण्याचा मोठा. आग पाव हिश्शाने लहान करूनही टोस्टची ट्रॉली पूर्वीपेक्षा चार मिनिटं आधी उतरते.

नळ्यांत टॉर्च मारली: राखाडी भुकटीचा पातळ थर, बोटाने निघणारा. काळं काही नाही.

२५ मार्च, मंगळवार

पहाटे एक लॉकआऊट. ज्वाळा पेटली, दहा सेकंदांनी बंद. पेटून बंद पडला म्हणजे ठिणगी आणि डिझेल ठीक, बघणारा डोळा आंधळा. फोटोसेलच्या काचेवर मैद्याची साय. कोरड्या मऊ फडक्याने पुसला, चालू. दर सोमवारी फोटोसेल पुसायचा आणि महिन्याला ब्लोअरचं पातं बघायचं, हे कंट्रोल बॉक्सच्या झाकणावर लिहून चिकटवलं.

एक गोष्ट राहिली आहे. संध्याकाळी सात ते नऊ व्होल्टेज १९५ पर्यंत उतरतं आणि तेव्हा पेटायला एखादा सेकंद जास्त लागतो. ठोका नाही, पण उशीर ऐकू येतो. इलेक्ट्रोडचं अंतर ४ चं ३ करून बघणार नाही, कागदावर ४ आहे. स्टॅबिलायझर लावून दाब आणि पेटायची वेळ परत मोजायची आहे, ईद झाल्यावर.